धावपटू, मार्गे जामखेड

आमच्या कंपनीत दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार ते पाच मजा असते. कॅलेंडरात तसं लिहिलेलंच असतं आणि मजा सक्तीची असते. जो मजेला येत नाही त्याला सोमवारी विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न इतक्या मायेनं विचारला जातो की पुढच्या महिन्यात माणूस तापातही मजेला हजर राहतो.

मी ही मजा जामखेडहून करतो. २०२० च्या मार्चमध्ये पंधरा दिवसांचे कपडे घेऊन पुण्याहून घरी आलो होतो. ते कपडे विरून त्यांची फडकी झाली, मी अजून इथंच आहे. माडीवरच्या खोलीत पूर्वी ज्वारीची पोती असायची, तिथं आता टेबल, लॅपटॉप आणि इन्व्हर्टर आहे. कॅमेऱ्यात माझ्यामागं जी भिंत दिसते तेवढीच रंगवून घेतली आहे. बाकीच्या तिन्ही भिंतींवर पोती घासून पडलेले पट्टे तसेच आहेत. मीटिंगमध्ये मान फार वळवायची नाही, एवढंच पथ्य.

तर गेल्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी मजेत खेळ निघाला. स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या आणि एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. माझ्या आधीच्या माणसानं स्वतःबद्दल स्कूबा डायव्हिंग, मांजर आणि शाकाहार सांगितलं. मी विचार करू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. मग अडीअडचणीला माणूस शेजारी जातो तसा मी तालुक्याकडं गेलो.

एक, म्हटलं, माझ्या तालुक्यात मराठ्यांनी निजामाला किल्ल्यात कोंडून तहाला लावलं. दोन, माझ्या गावातल्या आरोग्य प्रकल्पात शिकलेली एक खेडूत बाई वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठ्या डॉक्टरांपुढं भाषण करून आली. तीन, मी रोज पहाटे पाचला उठून दहा किलोमीटर धावतो.

एकोणीस जणांनी मतं दिली. अकरा जणांना बाई खोटी वाटली, आठ जणांना निजाम. माझ्या धावण्यावर एकानंही शंका घेतली नाही. निजामाची गोष्ट म्हणजे आमच्या तालुक्यातल्या खर्ड्याची लढाई, ११ मार्च १७९५ ची. शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे एका बाजूनं लढून जिंकले अशी ती शेवटची मोठी लढाई. किल्ला आजही उभा आहे. तरी तिच्यावर विश्वास बसायला लोकांना पुरावा लागतो. ज्याच्या पोटावरून शर्टाची बटणं ताणलेली कॅमेऱ्यात दिसताहेत, त्यानं पहाटे धावल्याचं मात्र सगळ्यांना तोंडी चालतं.

खरं काय ते मी सांगणार, तेवढ्यात लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर लॅपटॉपला पुरतो, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या डब्याला नाही. चाळीस मिनिटांनी परत आलो तेव्हा मजा संपली होती आणि मला कंपनीच्या धावपटूंच्या ग्रुपात घातलेलं होतं. स्वागताला सव्वीस टाळ्या आणि एक पळता बूट.

आता हे तिथल्या तिथं निस्तरता आलं असतं. पण सव्वीस टाळ्या परत कशा करणार? शिवाय छंदाच्या बाबतीत खोटं बोलायचं वळण मला फार लहानपणी लागलं आहे, आणि ते एकट्या मलाच आहे असं नाही. शाळेत 'माझा आवडता छंद' हा निबंध आम्ही पाचवीपासून दहावीपर्यंत लिहिला. अख्ख्या वर्गाचा छंद एकच होता, पोस्टाची तिकिटं जमवणे. गाइडमध्ये तोच होता. आमच्या घरी पत्रं यायची ती सोसायटीच्या थकबाकीची, आणि त्यावर तिकीट नसून शिक्का असायचा. तरी मी दर वर्षी लिहायचो की माझ्याकडं मलेशियाचं एक दुर्मीळ तिकीट आहे. मास्तर त्याखाली 'छान' लिहायचे. वर्गातल्या बावन्न मुलांकडं मलेशियाचं एकेक दुर्मीळ तिकीट होतं, ही गोष्ट त्यांना कधी खटकली नाही.

हापिसातले छंद मला त्या निबंधाची पुढची इयत्ता वाटतात. फरक एवढाच, की आता तिकिटं खरोखर विकत घेतात. कुणी कॅमेरा घेतो, कुणी सतार, कुणी पंचेचाळीस हजारांची सायकल. महिन्याभरानं लिंक्डइनवर लेख येतो, सायकलनं मला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं. एकानं घरी पाव भाजला, तो बसला, त्यातून त्याला अपयश पचवण्याचे पाच धडे मिळाले. पाव पचला की नाही ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरी आईची भाकरी वर्षातून दोन-चारदा करपते. ती "करपली मेली" म्हणते आणि कुत्र्याला टाकते. पाच धडे दूरच, एकही काढत नाही.

मला वाटतं, घोळ छंद या शब्दातच आहे. फार धुतलेला, इस्त्रीचा शब्द आहे तो. आमच्या भागात बोलताना तो कुणी वापरत नाही, इथं शब्द आहे नाद. आणि नाद हा स्वतः सांगायचा नसतोच, दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल कुजबुजायचा असतो. अर्जात रकाना असतो छंदाचा. नादाचा रकाना ठेवला तर तो अर्जदारानं भरून चालणार नाही, बायकोची सही लागेल. नाद म्हणजे आवाजही, आणि ते बरोबरच आहे. तो कानात घुमत राहतो, काम करताना, जेवताना, मीटिंगमध्ये "माझा आवाज येतोय का?" विचारतानासुद्धा.

जामखेडात तर या शब्दाला आणखी एक पदर आहे. गाव संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी दूरवर माहीत आहे. मोठ्या नावाजलेल्या कलावंत तिथं नाचल्या-गायल्या, आणि त्यांचं गाणं कान देऊन ऐकणारे जाणकारही इथं होते. पण त्याच वाटेनं काही जणांच्या जमिनीही गेल्या. त्यामुळं "त्याला नाद लागला" एवढं बोलून वाक्य अर्धं सोडलं, तरी ऐकणारा पुढचं पुरं करून घेतो. मी रोज सकाळी चहा घरी न पिता कुठंतरी जातो हे कळल्यावर आईनं आठ दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

नाद म्हणजे काय ते मला तात्यांनी दाखवलं, म्हणजे माझ्या चुलत्यांनी. त्यांना बैलांचा नाद आहे. त्यांच्याकडं बैल नाही. शेवटची जोडी विकून बारा वर्षं झाली, आता दारात ट्रॅक्टर उभा असतो. पण बैलबाजार असला की तात्या धुतलेली बंडी घालून, उपरणं घेऊन सकाळीच निघतात. खिलाराच्या पुढ्यात उभे राहतात, खूर बघतात, शेपटाचा गोंडा बघतात, मग ओठ वर करून दात बघतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मालकाच्या हातावर उपरणं टाकून त्याखाली बोटं दाबून भावही करतात. भाव पटत येतो आहे असं दिसलं की तात्या म्हणतात, "बघू, घरी विचारून सांगतो," आणि पुढच्या दावणीला जातात. बाजारातले निम्मे व्यापारी त्यांना ओळखतात. तरी त्यांना बोटं देतात, कारण असं भाव करणारं माणूस आता मिळत नाही. संध्याकाळी तात्या भेळ घेऊन घरी येतात आणि न घेतलेल्या बैलांची नावानिशी आठवण काढतात.

माझा पुतण्या याच बाजाराच्या रील बनवतो. ढोलकीवर बैल डौलात चालतो, मध्येच वेग मंदावतो, मग पुन्हा पळतो. चांगल्या चालतात त्याच्या रील. मी तात्यांना एक दाखवली. त्यांनी चष्मा लावून तीनदा बघितली आणि फोन परत दिला. "बैल चांगला दिसतोय," ते म्हणाले, "पण ह्यात दात कुठं दिसत्यात?"

मी त्यावर दोन दिवस विचार करत होतो. नंतर हापिसातल्या कुणाचाही फोटो बघताना मला तोच प्रश्न पडू लागला.

आता माझ्या नादाकडं येतो. सांगायला थोडी लाज वाटते, म्हणजे तो खरा असावा. मी सकाळी एसटी स्टँडवर जातो, चहा घेतो आणि गाड्यांच्या पाट्या वाचतो. एवढंच. पुढं काही नाही.

जामखेड तालुक्यात रेल्वे नाही. नगरहून निघालेला रूळ आष्टीकडून पुढं बीडकडं गेला आणि आम्हाला शेजारच्या तालुक्यात शिट्टी ऐकवून गेला. त्यामुळं आमच्यासाठी जगाकडं जाणारा रस्ता म्हणजे स्टँड. गाव आहे नगर जिल्ह्याच्या टोकाला. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, खाली सोलापूर, त्यामुळं पाट्यांवर मराठवाडा आणि देश एकमेकांत मिसळलेले असतात. पाटोदा, भूम, करमाळा, कर्जत. पाचवीत असताना मी एका वहीत या पाट्या उतरवून घ्यायचो. वर्गात छंदावर निबंध आला तेव्हा हे लिहावं असं मला एकदाही सुचलं नाही. मी मलेशियाचंच तिकीट लिहिलं.

तसं पाहिलं तर एसटीचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध जुना. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली ती नगर ते पुणे. लक्ष्मण केवटे तिचे वाहक, तिकीट अडीच रुपये. मी पुण्याला नोकरीला गेलो तो याच रस्त्यानं, आणि तिकिटाचा आकडा सोडला तर प्रवासात फारसा फरक पडला असेल असं मला वाटत नाही. शेजारच्या माणसाची झोपलेली मान तेव्हाही खांद्यावर येत असणार.

पाटीवर मला सगळ्यात आवडतो तो शब्द मार्गे. कुठून कुठं हे तर सगळेच सांगतात. पण बारीक अक्षरात खाली लिहिलेलं असतं की ही गाडी सरळ जाणार नाही, अमक्या गावाला वळसा घालून जाणार आहे, तिथं कुणीतरी उभं आहे. लिंक्डइनवर माझं पान आहे, त्यात मार्गे नाही. इंजिनीअर झालो २००९ साली, आणि पुढची ओळ २०१० च्या नोकरीची. मधले आठ महिने मंदीत नोकरी नव्हती, तेव्हा मी मामाच्या मेडिकलवर बसायचो. डॉक्टरांची अक्षरं वाचायला तिथं शिकलो. आज दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून पोट भरतो, त्याचं सगळं शिक्षण त्या काउंटरवरचं आहे. पण पानावर ते येत नाही. तिथं मी विनाथांबा आहे.

खेळात अकरा जणांनी जिला खोटी ठरवलं त्या बाईचा प्रकल्पही अशाच एका वळशानं इथं आला. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं १९७० साली जामखेडला आलं. त्यांची पाटी लिहायची तर वेल्लोर ते जामखेड, मार्गे वडाळा, बाल्टिमोर. वेल्लोरला वैद्यकीचं शिक्षण, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि तिथून थेट आमच्या दुष्काळात. ज्या दिशेनं गाड्या भरून जातात, तिच्या उलट दिशेनं. त्यांनी गावोगावच्या बायकांना बाळंतपण, लसी, पाणी, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी शिकवलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. १९८८ ला त्या बायकांपैकी एक वॉशिंग्टनला परिषदेत बोलली. डॉक्टर म्हणजे झुंबर आणि आम्ही पणत्या, अशा अर्थाचं काहीतरी. झुंबर झकास खरं, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. आमच्या कंपनीत एवढं सांगायला चोवीस स्लाइड लागतात, आणि शेवटच्या स्लाइडवर फक्त 'धन्यवाद' असतं.

हे सगळं मला शुक्रवारच्या मजेत सांगायचं होतं. त्याऐवजी मी धावपटू झालो.

धावपटूंच्या ग्रुपाचा नियम असा, की फोनवर ॲप घ्यायचं, ते चालू करून धावायचं आणि आठवड्याचे किलोमीटर सगळ्यांपुढं मांडायचे. मी रोज स्टँडवर चालत जातच होतो, म्हणून ॲप चालू करून जाऊ लागलो. जाऊन-येऊन दीड किलोमीटर. ग्रुपातले लोक फार समजूतदार निघाले. "रिकव्हरी रन आहे वाटतं," एकानं लिहिलं. दुसऱ्यानं गुडघ्यासाठी तेल सुचवलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नावावर नऊ किलोमीटर होते आणि मला एक डिजिटल चिन्ह मिळालं, उगवत्या सूर्याचं. मी खरोखर साडेसहाला उठू लागलो होतो, हेही नाकारत नाही.

पण एक गोष्ट बिघडली. एकदा पाटीचा फोटो काढून मी ग्रुपात टाकला, धावताना दिसलेलं दृश्य म्हणून. त्याला बदाम पडले. लगेच प्रस्ताव आला, दर सोमवारी एक पाटी टाका, आपण त्याला नाव देऊ, 'मंडे मोटिव्हेशन'. पुढच्या सोमवारी मी स्टँडवर गेलो तो पाटी शोधायला. उजेड कुठून येतोय, अक्षरं झोकदार आहेत का, मागं कुणी तंबाखू मळत तर उभं नाही ना. भूमची गाडी लागली होती, ती मी बघितली आणि सोडून दिली. दोनच अक्षरं, फोटोत उठणार नाहीत. गाडी निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मार्गे काय होतं ते मी वाचलंच नाही. पाचवीपासून पहिल्यांदा असं झालं असेल. चहावाल्यानंसुद्धा विचारलं, "आज बरं नाही का?"

मी फोन खिशात घातला. समोर खर्ड्याची गाडी लागत होती. कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, "येताय का?" रोज तो मला बघतो आणि रोज मी नाही म्हणतो. त्या दिवशी का कुणास ठाऊक, चढलो. खिडकी मिळाली. खर्ड्याला उतरलो, किल्ल्याच्या बुरुजाला एक चक्कर मारली, ज्या निजामावर आठ जणांचा विश्वास नव्हता त्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि परतीच्या गाडीनं निघालो. वाटेत आठवलं, की ॲप बंद करायचं राहिलं.

घाईनं फोन काढला तोवर उशीर झाला होता. जाताना खर्ड्याला पोचल्यावर त्या शहाण्या ॲपनं आपणहून नोंद पुरी करून ग्रुपात मांडली होती. वीस किलोमीटर, पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन मिनिटं. केल्विन किप्टम या केनियाच्या धावपटूनं २०२३ साली शिकागोत मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याला किलोमीटरला जवळपास दोन मिनिटं एकावन्न सेकंद लागले होते. मी त्याला मागं टाकलं होतं, तेही खड्ड्यांतून.

मला वाटलं, आता सुटलो. एवढं धडधडीत खोटं कुणीतरी पकडेल, हसतील, ग्रुपातून काढतील. पण पहिल्या मिनिटात एकतीस टाळ्या पडल्या. "बीस्ट!" आमच्या मॅनेजरनी लिहिलं. एकानं विचारलं, बूट कोणते? शुक्रवारची मजा भरवणाऱ्या बाईंनी मला पुढच्या शुक्रवारी शिस्त या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. वेगाचा आकडा तिथं मोठ्या अक्षरात होता. टाळी वाजवताना तो कुणी वाचला नव्हता.

गाडी जामखेडच्या अलीकडं आली असताना फोन पुन्हा थरथरला. यावेळी ग्रुपात नाही, खासगीत. टेस्टिंगच्या टीममधल्या एका मुलीचा निरोप होता. मूळची उमरग्याची, एवढंच मला माहीत. मजेत तिनं कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

"सर, एक विचारू? नकाशात तुम्ही दर दोन-अडीच किलोमीटरला अर्धा मिनिट थांबलाय."

मी काही लिहिलं नाही.

"साधी गाडी होती ना?"

"हो," मी लिहिलं. "जामखेड-खर्डा."

बराच वेळ तिचे तीन ठिपके उमटत राहिले. मग प्रश्न आला, "पाटी रंगवलेली का लाईटची?"

"रंगवलेली. पण वरचा रफार उडालाय. नुसतं 'खडा' राहिलंय."

त्यावर तिनं उमरगा स्टँडवरच्या एका पाटीची गोष्ट सांगायला घेतली. त्या सोमवारी सकाळच्या मीटिंगला दोन माणसं बारा मिनिटं उशिरा आली, आणि दोघांनीही कारण नेटवर्कचं दिलं.